वंदनेआधी काढलेली वायर

जनवाडा,
६ फेब्रुवारी २०२४

ती. राजश्रीअक्का हिस,
नागसेनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर बोललो तर आई ऐकेल, म्हणून बसच्या पार्सलात हे पत्र घालतोय. अक्का, घात झालाय. आईची गाणी भरून घ्यायला बसलो होतो. माइकचा आवाज मोठा करणारा प्रीअँप, तो लॅपटॉपला पोचवणारा कन्व्हर्टर, सगळं जोडलं. आई म्हणाली की आधी वंदना, आणि वंदनेपुढं माइक नको, ते काय गाणं आहे का. म्हणून मी माइकची वायर उपसली. वंदना झाल्यावर परत खोचली, तर टक् झालं आणि कन्व्हर्टर गेला. आईला वीज गेली म्हणून सांगितलंय.

सोमवारी ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार म्हटल्यावर तिचा आवाज कायमचाच जाणार. मोबाइलवर घेऊन पाहिलं, पण ती वर चढली की चिरकतंय. मला रात्रभर झोप नाही. काहीतरी कर.

हवं तेवढं रागाव, माया मात्र कमी करू नकोस.
तुझा नागसेन

कलबुर्गी,
७ फेब्रुवारी २०२४

चि. नागसेन यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

रागवायची परवानगी दिलीस म्हणून रागावते: चालू वायर उपसतात का रे शहाण्या? माइकला त्याच वायरीतून अठ्ठेचाळीस व्होल्ट जातात. परत खोचताना बसलेला झटका प्रीअँपनं पुढं ढकलला. कन्व्हर्टरची चिप पाच व्होल्टांची, ती कुठवर सोसणार!

कॉलेजातला कन्व्हर्टर मागून पाठवतेय. सोबतची छोटी पट्टी प्रीअँप आणि कन्व्हर्टरच्या मध्ये जोड. तिच्यातले रेझिस्टर झटका अडवतात, उरलेला झटका डायोड बाजूला वळवतात. पण पट्टी आहे म्हणून धीट होऊ नकोस. आवाजाची पातळी कमी ठेव, नाहीतर आईचा वरचा सूर फाटेल. एकदा सुरू केलं की वायरीला हात लावायचा नाही, वंदनेलासुद्धा. हाही जळला तर सोमवारच्या आत दुसरा मिळायचा नाही. मला फार भीती वाटतेय.

जेवत जा. तुम्हा दोघांवर जीव आहेच.
तुझी अक्का

जनवाडा,
३ मार्च २०२४

चि. राजश्रीस,
आई शोभाबाईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

दवाखान्यात पाटीवर लिहून एवढं सांगता आलं न्हाई. त्या दिवशी नागसेन वीज गेली म्हणाला, पण डोक्यावर पंखा फिरत होता. पोरगं पांढरंफटक पडलेलं, म्हणून मी काही विचारलं न्हाई.

तुझी पट्टी आल्यावर वायरीला हात लावू देईना. वंदनेला माइक नको म्हणून मी भांडले, पण ऐकेना. शेवटी माइकपुढंच वंदना केली. मधेच दिवे बारीक झाले, परत लागले. हा डोळे मिटूनच बसला. तू पाठवलेलं यंत्र चालू राहिलं. मग मी मन भरेपर्यंत गायले.

ऑपरेशनहून आल्यावर पहिल्या संध्याकाळी वंदनेला उभे राहिलो, तर कुणीच सुरू करेना. इतकी वर्षं सुरुवात मीच करत आले ना. नागसेननं लॅपटॉप लावला. मी हात जोडून माझ्याच आवाजामागं उभी राहिले. फार रडले, बाई. आता रोज तसंच करतो.

लोभ असू दे म्हणून तुला काय लिहायचं? फोन करत जा. मी ऐकत असते.
तुझी आई