सूर्य, वारा आणि साडू

२ एप्रिल
दुपारी लाइट जायला लागली. जेवणापासून चहापर्यंत गुल. हिची शिवणाची मशीन विजेवरची, आणि नेमकी आत्ताच हिला शाळेच्या गणवेशांची ऑर्डर मिळालीय. पहिलीच मोठी. वेळेत दिली तर दरवर्षी मिळेल. ही म्हणाली, काहीतरी करा. शब्द दिला. घरासाठी पर्यायी ऊर्जा मी निवडणार, पण नीट अभ्यास करून. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला मी नाही.

३ एप्रिल
साडूने म्हणे गच्चीवर सोलर पॅनेल बसवून टाकली. ना अभ्यास, ना तुलना. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पस्तावेल.

५ एप्रिल
सौरऊर्जा. फायदे : ऊन फुकट. तोटे : रात्री नसतं. ही म्हणाली, रात्री लाइट असतेच, प्रश्न दुपारचा आहे. मुद्दा बरोबर, पण वरवरचा. ढगांचं काय? धुळीचं काय? वीस वर्षांनी त्या पॅनेलचं करायचं काय? ही म्हणाली, आधी या कॉलरचं काय करू ते सांगा. हिला लाँग टर्म कळत नाही.

९ एप्रिल, दुपार
पवनऊर्जा. गच्चीवर कागदाचं भिरभिरं लावलं. उडून जाऊ नये म्हणून पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. बराच वेळ निरीक्षण. फिरलं नाही. निष्कर्ष : आपल्या भागात वारा नाही. खाली आलो तर आमचे वाळत घातलेले कपडे शेजाऱ्यांच्या अंगणात.

१४ एप्रिल
बायोगॅस. भाजीची देठं, सालं बादलीत साठवतोय. शेजारीण नाकाला पदर लावून बोलून गेली. नव्या विचाराला विरोध होतोच.

१५ एप्रिल
बादली टाकली.

२० एप्रिल
ही पहाटे उठून शिवते. डोळे लाल. वाईट वाटलं, खरंच वाटलं. म्हणून जलविद्युत आजच अभ्यासाला घेतली. जवळपास नदी नाही, हा मोठा तोटा. हिने पायाच्या मशीनचा विषय काढला. ती मी गेल्या वर्षी भंगारात दिली होती, जुनाट म्हणून. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

२८ एप्रिल
पॅनेलवाला आला होता. हिनेच बोलावलेला. म्हणाला, हो म्हणा, परवा बसवून देतो. मी अणुऊर्जेबद्दल त्याचं मत विचारलं. चहा न घेताच गेला. अभ्यास कच्चा.

४ मे
शाळेच्या बाईंचा फोन. निम्मे तरी कपडे द्या, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देतो. हिने मशीन गाडीत घातली आणि बहिणीकडे निघाली. म्हणजे साडूकडे! मी म्हटलं, तुलनात्मक तक्ता होतच आलाय. ही दारातून म्हणाली, "तुमचा अभ्यास झाला की कळवा. माझा झाला." आवाजही चढवला नाही. तेच जास्त लागलं.

१८ मे
साडूचा फोन. ऑर्डर वेळेत गेली, पुढच्या वर्षीचीही मिळाली. दोघी बहिणी तिथेच शिवणाचं दुकान काढतायत. ही घरी कधी येणार विचारलं. तो म्हणाला, ते तिलाच विचारा. फोन मात्र तिला दिला नाही.

विजेचं बिल निम्म्यावर आलं. बचत हीच खरी पर्यायी ऊर्जा, हे आता सिद्ध झालं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. घरात कुणी नव्हतं.

२१ मे
पर्याय दोन. ती येईपर्यंत थांबणं, किंवा जाऊन तिला आणणं. फायदे-तोटे लिहायला बसलो. जाण्याचे तोटे पानभर झाले. साडू हसेल, पॅनेल दाखवेल, माफी मागावी लागेल, एवढं करून ती नाही म्हणेल. फायदा एकच सापडला : तिच्याशिवाय घर खायला उठतं. पण एकाच मुद्द्यावर निर्णय घेणं शास्त्रीय नाही. आणखी माहिती गोळा करतो.