स्पीकरला नावं ठेवणार नाही

॥ श्री ॥
पेरांबूर, चेन्नई
३ जुलै २०२५

चि. सौ. नीलम हिस, मधुसूदनचे अ. उ. आशीर्वाद.

फोन केला की आपण दोघंही नुसता घसा खाकरत बसतो, म्हणून पत्र. कागदावर खाकरलेलं ऐकू जात नाही.

बातमी अशी, की तुझ्या ताईचा, विद्युलताचा स्पीकर आला. हो, तोच, हवेत तरंगणारा. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने इंटरनेटवर ज्याच्यासाठी वर्गणी दिली होती तो. गणपतीला देतो तशीच वर्गणी, फरक इतकाच की गणपती ठरलेल्या दिवशी येतो. हा सहा महिन्यांत येणार होता. त्याऐवजी दर महिन्याला कंपनीची ईमेल यायची, की आम्ही फार उत्साहात आहोत आणि चुंबकाचं काम थोडं राहिलं आहे. ती मला वाचून दाखवायची. मी म्हणायचो, हवेत तरंगून आवाज सुधारत असता तर आमच्या रेल्वेने फलाटावरचे सगळे भोंगे फुग्यांना बांधले असते. नोव्हेंबरात ती गेली तेव्हाही चुंबकाचं काम थोडं राहिलेलंच होतं. काल पोस्टमनने पार्सल आणलं आणि तिची सही मागितली. मी माझी केली.

आता एक कबुली. दहाव्याला कोवलमच्या किनाऱ्यावर कावळा तासभर पिंडाला शिवत नव्हता, आठवतं? तू मागे बायकांत उभी होतीस. तिथले कावळे होड्यांवरच्या मासळीवर पोसलेले, त्यांना भाताचं काय कौतुक? पण कृष्णाजीराव गुरुजी म्हणाले, बाईंची काही इच्छा राहिली असेल, तसं वचन द्या. मी म्हणालो, गोळ्या वेळेवर घेईन. डबा लावीन. सांगलीला वर्षातून दोनदा जाईन. कावळे ढिम्म. शेवटी वाळूने पाय भाजायला लागले तेव्हा पुटपुटलो, की तुझा तो स्पीकर आला तर त्याला नावं ठेवणार नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत एक कावळा आला आणि अर्धा पिंड घेऊन गेला. तू रडत म्हणालीस, ताईचा तुमच्यावर फार जीव होता. जीव होताच. गोळ्यांच्या बाबतीत विश्वास नव्हता, एवढंच.

तर स्पीकर आला आहे. त्याच्याविषयी लिहिण्यासारखं एवढंच, की तो आला आहे.

तिच्या नात्याने जो लोभ मिळाला, तो तिच्या माघारीही मिळत राहावा.

मधुसूदन


॥ श्री ॥
सांगली
९ जुलै २०२५

ती. दाजींना, नीलमचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले आणि मग इतकी हसले, की शेजारची क्षमा काय झालं म्हणून बघायला आली. तिलाही वाचून दाखवलं. रागावू नका. दाजी, बायकोला छत्तीस वर्षांत जे वचन दिलं नाहीत ते कावळ्याला देऊन बसलात! स्वतःच्या लग्नात, मुंडावळ्या बांधलेल्या असताना, आमच्या बाबांना डावीकडचा भोंगा फाटलाय म्हणून सांगणारे तुम्ही. बाबा मरेपर्यंत ते विसरले नव्हते.

आता कामाचं. आमचे संकेतराव पुण्याची पाच वर्षांची नोकरी सोडून, मकरंद नावाच्या मित्राबरोबर स्पीकर काढणार आहेत. तुळशीवृंदावनाच्या आकाराचा. वर कुंडीत खरी तुळस, पोटात स्पीकर. संध्याकाळ झाली की आपोआप दिवे लागतात आणि आरती वाजते. तुळशीला घातलेलं पाणी पोटात गेलं तर काय, असं मी विचारलं. म्हणाला, त्याचं काम थोडं राहिलं आहे. हाही इंटरनेटवर वर्गणी गोळा करणार. एकतीस तारखेला राजीनामा देणार म्हणतो.

आवाज कसा असेल, विचारलं तर म्हणतो, लोक आकार बघून घेतात, मावशीने नाही का घेतला? तिचा कसा वाजतो ते काकांना विचार, काका बरा म्हणाले तर आमचाही चालेल. तो बापाचं ऐकत नाही, माझं तर नाहीच. पण एवढ्या गोंगाटात कुठली गाडी कुठल्या फलाटावर येते ते तुम्ही तीस वर्षं लोकांना नीट ऐकवलंत, म्हणून तुमच्या कानाला तो मानतो. तेव्हा खरं काय ते चार ओळींत लिहून पाठवा. पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे.

तुम्ही कधी म्हणाला नाहीत तरी तुमची लाडकी मेहुणी,
नीलम


॥ श्री ॥
पेरांबूर, चेन्नई
१४ जुलै २०२५

चि. सौ. नीलम हिस, अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर दोन दिवस विचार केला. वचन दिलं आहे, तेही दहाव्याला. तेव्हा संकेतला पुढील माहिती द्यावी.

खोका मजबूत आहे. चेंडू पांढरा, नारळाएवढा. लाकडी पायावर धरून हलकेच सोडला की तरंगतो. पहिल्या दिवशी सतरा वेळा सोडला, अठराव्यांदा तरंगला. खाली निळा दिवा लागतो. वाजताना चेंडू स्वतःभोवती फिरतो. शेजारच्या लावण्याबाईंनी बसताना किल्ल्यांचा जुडगा त्या लाकडी पायाजवळ ठेवला, तर किल्ल्या पायाला चिकटल्या आणि चेंडू खाली पडून सोफ्याखाली गेला. तिथूनही वाजत होता. हे नावं ठेवणं नव्हे, घडलं ते लिहिलं.

आवाज ऐकून लावण्याबाई काय म्हणाल्या ते लिहीत नाही. बोलणं त्यांचं असलं तरी अक्षर माझं दिसेल.

वचन परत घेता येतं का, असं कृष्णाजीराव गुरुजींना विचारलं. ते तंजावरचे, जुन्या वळणाचे. म्हणाले, साठ वर्षांत असा प्रश्न कोणी विचारला नाही. लोक वचनं देतात, जेवतात आणि विसरतात. मी विसरलो नाही याचंच त्यांना नवल वाटलं. वर, स्पीकर बघायला येऊ का, असं विचारत होते.

संकेतला म्हणावं, या प्रश्नातून मला मोकळं कर. याहून जास्त मी लिहू शकत नाही.

न लिहिलेलंही समजून घेण्याइतका लोभ असावा.

मधुसूदन


सांगली
१९ जुलै २०२५

दाजी, नमस्कार.

आज श्री नाही, शिरसाष्टांग नाही. रागात आहे.

तुमचं पत्र संकेतला फोटो काढून पाठवलं. त्याला काय कळलं असेल? काकांना आवडला! म्हणाला, आई, काकांनी नावं ठेवली नाहीत अशी वस्तू मी जन्मात पाहिली नाही, म्हणजे हा स्पीकर जबरदस्तच असणार. वचनाचं सांगितलं तर म्हणतो, ती काकांची गंमत. मकरंदने तुमचं ते दिवा निळा आहे, चेंडू तरंगतो वगैरे जाहिरातीत घालायचं ठरवलंय, रेल्वेतल्या जाणकाराचं मत म्हणून. राजीनामा टाइप करून तयार आहे. तुमच्या गप्प बसण्यावर पोरगं उडी मारतंय, दाजी.

आणि आता सांगतेच. ताईने ती वर्गणी भरली त्या दिवशी मला फोन केला होता. म्हणाली, निवृत्त झाल्यापासून हे घरात बोलतच नाहीत. मिक्सर खरखरला, दाराची घंटा बेसूर वाजली, तेवढ्यापुरतं तोंड उघडतं. म्हणून इंटरनेटवर शोधून शोधून सगळ्यांत अचरट वस्तू घेतली आहे, नावं ठेवायला दोन वर्षं तरी पुरेल. हसून हसून तिला ठसका लागला होता. तो निळा दिवा तिला थोडा आवडलाही होता, खोटं कशाला बोलू. पण स्पीकर मागवला होता तो तुमच्या तोंडासाठी. आणि तुम्ही त्याच्यापुढे मौन धरून बसलात!

कावळ्याचं म्हणाल, तर त्याला भूक लागली असेल.

राग शांत झाला की लोभ आहेच.

नीलम


॥ श्री ॥
पेरांबूर, चेन्नई
२३ जुलै २०२५
(स्पीड पोस्टाने)

चि. संकेत यास, काकाचे अनेक आशीर्वाद.

माझं पत्र तू स्तुती समजलास, त्यात चूक माझी. तुझ्या मावशीला दिलेलं वचन मी आज मोडतो आहे. ते पाळण्यात तुझी नोकरी जाईल. दुसरंही कारण आहे, ते आईला विचार.

हा स्पीकर भिकार आहे.

सगळी अक्कल तरंगवण्यात खर्च झाली आहे. पायातली चुंबकं, त्यांच्या तारा, शिवाय तो दिवा, आणि उरलेल्या जागेत बशीएवढासुद्धा नसलेला स्पीकर. तबल्यातला डग्गा ऐकूच येत नाही, वाटतं एकच हात वाजवतोय. आवाज वाढवला की चेंडू थरथरतो, आणि थरथरला की मूळ गाण्यात नसलेली एक माशी त्यात येऊन बसते. फिरतो म्हणून आवाज कधी माझ्याकडे, कधी भिंतीकडे. भिंतीला गाण्याची आवड नाही. पायात सतत बारीक घूं चालू असते. एन्नोरच्या वीजकेंद्राशेजारी बसून ऐकल्यासारखं वाटतं. लावण्याबाई म्हणाल्या, पेल्यात डास सापडलाय. मी म्हणतो, डास बरा, तो सुरात असतो.

हे सगळं मी गाण्यांवर तपासलं. पण माणसाचा आवाज लावल्याशिवाय स्पीकर कळत नाही, हे रेल्वेत शिकलो. म्हणून काल मोबाइलवरचे तुझ्या मावशीचे निरोप लावले. बाजारात गेलो की ती लिहीत नसे, बोलून पाठवायची. कोथिंबीर आणा, जुडी हुंगून घ्या, मागच्या वेळसारखं गवत आणू नका, असे सत्तरएक आहेत. नोव्हेंबरनंतर ते मी ऐकले नव्हते. आधी या चेंडूवर लावले. कोणी तरी चिडकी, नाकात बोलणारी, अनोळखी बाई मला कोथिंबीर आणायला सांगत होती. मग माझ्या जुन्या लाकडी स्पीकरवर लावले. ती बोलली. शब्द संपल्यावर किंचित हसायची, तेसुद्धा ऐकू आलं. चेंडूत ते हसू नव्हतंच.

तुझ्या तुळशीवृंदावनाचं असंच होणार आहे. लोक आकार बघून घेतात हे खरं. मग एक दिवस त्यात आपल्या माणसाचा आवाज लावतात. त्या दिवशी आकार उपयोगी पडत नाही. आधी आवाज कर, वृंदावन नंतर. आणि तुळस बाहेर काढ, तिला पाणी घालायचं असतं. राजीनामा तूर्त खिशात ठेव. रजा काढून मकरंदसह इकडे ये, तुमचा नमुना आण. मी समोर बसून त्यालाही नावं ठेवीन, आणि कुठे काय बदलायचं तेही दाखवीन. मग द्यायचा तर दे राजीनामा, मी आईशी बोलेन. मकरंदला सांग, जाहिरातीत घालायचं असेल तर हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत घाल.

पाकीट बंद करण्याआधी हे पत्र तुझ्या मावशीच्या फोटोसमोर मोठ्याने वाचलं. पेल्यातल्या डासापर्यंत येईतो माझा आवाज इतका चढला, की लावण्याबाई दार उघडून विचारायला आल्या, घरात पाहुणे आलेत का.

मधुसूदनकाका