बेटावरचा कारकून

श्रा. शु. ४
दाढ दुखते. सुपारी सोडा म्हणतात, आणि आज नेमका सुपारीच आणायला बुधवारात गेलो. कोकणी व्यापारी आहे, पावसाआधी वर आला तो इथेच अडकला. माल सोडल्याचा दाखला कुणाला तरी दाखवत होता. हर्णैसमोर समुद्रात बेट आहे, त्यावर सरकारचा किल्ला, तिथल्या कारकुनाने लिहिलेला. कागद सहज हातात घेतला आणि उजेडाला धरून पुन्हा वाचला. अक्षर विसूचं, माझ्या मुलाचं. ओळ संपताना बोरू हलकेच उचलायचा, मी शिकवला तसा.

विचारलं, माणूस कसा आहे? उंच आहे म्हणाला, पुण्याकडचा, बोलत नाही कुणाशी. पुण्याचा आणि बोलत नाही, म्हणजे आमचा विसूच.

श्रा. शु. ५
नागपंचमी. घरात चिरायचं नाही, तळायचं नाही. सूनबाईने, यमुनेने, दिंडं उकडली. तिला अजून सांगितलेलं नाही.

फौजेच्या स्वारीबरोबर विसूला कारकून म्हणून मीच पाठवला. कचेरीतल्या साहेबांपाशी शब्द टाकून. स्वारी आली, तो आला नाही. कुणी म्हणे नदीत गेला, कुणी म्हणे पळाला. येत्या का. व. ५ ला बारा वर्षं भरतील. बारा वर्षं वार्ता नसली की माणूस गेला असं धरायचं, पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी द्यायचा. भटजींनी तिथी धरून ठेवली आहे. त्या दिवशी यमुनेचं कुंकू जायचं, केस जायचे. वाईहून तिचा भाऊ येऊन तिला घेऊन जाणार. मग घरात मी आणि मांजर. मांजरही शेजाऱ्यांचं.

श्रा. शु. ११
सांगितलं. तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "कधी निघणार, मामंजी?" एवढंच. नारळी पौर्णिमेआधी मचवा निघत नाही, घाटही धड नाही, किल्ल्यात जायला परवाना लागतो, असं बरंच काही मीच बोललो. ती नुसती हं हं करत होती. तांदूळ मात्र आज दोनदा निवडले.

श्रा. व. २
परवान्यासाठी कचेरीत. तीस वर्षं ज्या बैठकीवर बसून लोकांना "उद्या या" म्हणालो, तिथून आज मला "उद्या या". चांगलं शिकवलंय पोरांना.

श्रा. व. ६
पुन्हा उद्या या.

श्रा. व. ९
भटजींना विचारलं, बेटावर जाणं म्हणजे समुद्र ओलांडणं होतं का? म्हणाले, किनारा दिसत असेल तर दोष नाही. मी म्हटलं, मला हल्ली पलीकडचा ओटा दिसत नाही, तेव्हा दोष लागणारच. हसले नाहीत. जाताना म्हणाले, "अण्णा, प्रत्यक्ष बापाने पाहिला म्हटलं, तर विधी करण्याचं कारणच नाही. तुमचा शब्द पुरे."
माझा शब्द पुरे.

भा. शु. ७
गौरी बसल्या. आळीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. यमुनेला कुंकू लावताना एकजण जरा थबकली. लावलं, पण थबकली. मी माजघराच्या दारात होतो, दिसलं. रागाने जेवलो नाही. यमुनेने विचारलं, काय झालं? दाढ, म्हटलं.

भा. शु. १३
परवाना मिळाला! घरी येऊन नीट वाचला, मग ओळींचे शेवट पुन्हा पाहिले.

माझ्या जागी आता बसतो त्यानेच लिहिलेला. तोही माझ्याच हाताखालचा. तेच अक्षर. ओळीच्या शेवटी तसाच उचललेला बोरू. व्यापाऱ्याकडचा दाखला मागून आणला, शेजारी ठेवला. दोन्ही एकाच हातचे वाटतात. मग आठवायला लागलो, किती जणांना शिकवलं. कुणी उत्तरेत, कुणी घाटाखाली. वळण बिघडलं की छडी. सगळ्यांचं एकसारखं झालं पाहिजे हा माझा हट्ट. झालं की एकसारखं. आता स्वतःचा मुलगा ओळखता येत नाही. शहाणाच मी.

भा. व. २
यमुनेला अक्षराचं सांगायला हवं. आज नाही.

भा. व. ८
पितृपक्ष. बाप, आजा, पणजा, सगळ्यांना पाणी दिलं. विसूचं नाव दरवर्षी तोंडाशी येतं आणि गिळतो. जिवंताला पाणी देऊ नये, मेलेल्याला तहानलेलं ठेवू नये. मी काय करायचं?

भा. व. १२
ठरवून टाकलंय. बेटावर कुणी का असेना, परत येऊन सांगायचं, विसू आहे, पाहिला, नोकरी सुटत नाही. तिचं कुंकू राहील. देवाला काय उत्तर द्यायचं ते देईन, आता फार लांब नाही ते.
खरं लिहावं तर नुसतं तिच्यासाठी नाही. सकाळी उठल्यावर "मामंजी, पाणी काढलंय" असं कुणीतरी म्हणावं, एवढंच हवंय मला.

आ. शु. ८
दसऱ्याला निघायचं. भोरवरून घाट उतरून महाड, मग हर्णै. भाड्याचं तट्टू ठरलं. सातूचं पीठ, पोहे, गूळ बांधला तिने. गाठोडं उचलून पाहिलं, जड. एकट्याला एवढं कशाला, म्हटलं. म्हणाली, "येताना दोघं असलात तर?" अक्षराचं तेव्हा सांगून टाकलं. खाली बघून म्हणाली, मला परवाना आला त्या दिवशीच कळलं, तुम्ही दोन्ही कागद पाटावरच ठेवले होते. वाचता येतं हिला! बारा वर्षं एका घरात राहतोय.

आ. शु. १०
दसरा. तट्टू दारात आलं, म्हणून आत येऊन घाईने लिहितो.

मघाशी हातावर दही घातलं तिने. मग म्हणाली, "मामंजी, एक मागते. तिथे ते नसले, तर तसं येऊन सांगा. माझ्यासाठी खोटं बोलू नका." कसं कळतं हिला? मग फार हळू म्हणाली, "आणि असले, आणि येत नाही म्हणाले, तर नाहीत म्हणून सांगा."

म्हटलं, अगं, कुंकू जाईल, केस जातील, वाईला धाडतील. म्हणाली, "मेलेल्याची वाट बघितली असं लोक म्हणतील. टाकलेली म्हणणार नाहीत."

म्हणजे मुलगा सापडला तर मी तो मेला म्हणून सांगायचं. आणि पळसाच्या देहाला अग्नी कुणी द्यायचा? मीच.

हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. तट्टूवाला हाका मारतोय. ती दारात उभी आहे, माझ्या उत्तराची वाट बघत.