चव बघणारी

प्रिय चिंगी,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र मध्येच कट करता येत नाही. फाडता येतं, पण तू आधी वाचशील आणि मग फाडशील, एवढं मी तुला ओळखते. तर मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. या वर्षी सणाच्या जेवणात दुधाचा थेंब नसेल. सूपमध्ये नाही, बटाट्यांत नाही, केकमध्ये नाही. तुझ्यासाठी वेगळं ताट वगैरे काही नाही, सगळ्यांना तेच. ज्याला चालणार नसेल त्याने खुशाल बाहेर जेवावं, असं मी घरात जाहीर केलं आहे. तुझ्या आत्यालाही कळवलं. ती म्हणाली की मग सण कसला. मी म्हटलं, या, बघा आणि ठरवा.

गेल्या वर्षीचं मी विसरलेले नाही. डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलंय, असं तू टेबलाशी सांगितलंस आणि तुझे बाबा हसले. ज्या माणसाने चाळीस वर्षं डेअरीत दूध तपासलं, त्याच्या मुलीला दूध पचत नाही हे त्यांच्या डोक्यात शिरेना. ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही,’ म्हणत आत्याने साय घातलेलं सूप तुझ्या पुढ्यात सरकवलं. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी पाव आणायचं निमित्त करून आत गेले. तू मुकाट्याने सूप संपवलंस, दुपारभर पोट धरून बाथरूममध्ये बसलीस आणि दुसऱ्या दिवशी बॅग उचलून गेलीस. त्याला वर्ष होत आलं.

महिनाभर मी दर रविवारी एकेक पदार्थ करून बघते आहे. ओट्सचं दूध पहिल्यांदा इतकं फिरवलं की मिक्सरमधून डिंकच निघाला, त्याने तुझ्या जुन्या वह्यांना कव्हरं घालता आली असती. नारळाचं दूध सूपमध्ये फाटलं. मग काजू भिजवून, बारीक वाटून घातले आणि सूप जमलं. बटाटे तेलात आणि ते उकडलेल्याच पाण्यात घोटले, ते इतके मऊ झाले की शेजारीण वाटी घेऊन परत आली. बेकरीवाला पावात दूध नसतं असं शपथेवर सांगत होता. मी काउंटरपाशी ठाण मांडून बसले, तेव्हा आतून दूध पावडरची पिशवी निघाली. आता पाव घरीच करते. लोण्याऐवजी आणलेल्या मार्जरिनच्या डब्यावरची बारीक अक्षरं भिंगाने वाचली, तर तिथेही दुधाची पावडर. दूध कुठे कुठे लपून बसतं म्हणून सांगू! दुकानदार मला बघितलं की हल्ली आपणहून डबा उलटा करून पुढे धरतो.

तुझ्या बाबांनी परवा फ्रिजमधली काजूच्या दुधाची बाटली काढली. रिटायर झाले तरी दूध तपासायचा तो काचेचा काटा अजून ड्रॉवरमध्ये आहे. तो त्यांनी बाटलीत सोडला, चष्मा वर करून बघितला आणि याला दूध म्हणत नाहीत असा निकाल दिला. आत्या आलेलीच होती. तिने घराण्याची टेप पुन्हा सुरू केली. मी हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, “घराणं तुमचं असेल, पोट माझं आहे. पोरीने ते माझ्याकडून घेतलंय.”

हो चिंगी. मलाही दूध पचत नाही. लग्नाआधीपासून नाही. डेअरीतल्या माणसाशी लग्न ठरलं, घरी रोज ताज्या दुधाची बरणी यायची, तिथे नव्या सुनेने हे बोलायचं कुणापुढे? मी सगळ्यांना वाढायचे आणि शेवटी ओट्याशी उभ्याने जेवायचे. माझ्या ताटात काय नाही, हे पस्तीस वर्षांत एकालाही दिसलं नाही. आधी मला त्याचं हसू यायचं. आता संताप येतो, आणि तो मी गिळणार नाही.

हे ऐकून आत्या पर्स उचलून गेली. तुझे बाबा मात्र बराच वेळ तो काटा पुसत बसले. मग त्यांनी एवढंच विचारलं, “मग इतकी वर्षं सणाच्या स्वयंपाकाची चव कोण बघायचं?” तपासनीसच ते, त्यांना हाच प्रश्न पडणार. मी म्हणाले, “चिंगी.”

हे पत्र मी त्यासाठी लिहिते आहे. तुला ते लाल स्टूल आठवतं ना? सहा वर्षांची असल्यापासून सणाच्या सकाळी तुला त्यावर उभं करून मी चमचा तोंडात द्यायचे. साय घट्ट झाली का, लोणी कमी पडलं का. सगळे तुला कौतुकाने चव बघणारी म्हणायचे. दुपारी तुझं पोट दुखायचं. ते दुखणं कसलं, हे या घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मीच तुला नाटकं करू नकोस म्हणून दटावायचे. खरं बोलले असते तर माझंही उघड झालं असतं. माफ कर असं लिहून मी सुटणार नाही. तू रागावूनच ये, चार लोकांत मला सुनाव, मी या वेळी पाव आणायला आत जाणार नाही. तुझ्या शेजारची खुर्ची माझी आहे, मी बसून जेवणार आहे. आणि चव बघायला येऊ नकोस. ती मी बघितली आहे. मीठ बरोबर आहे.

तुझीच,
आई