ओढा ऐकू येणारं घर

टेकडीवरून, ६ एप्रिल

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आपलं गाव वर हलवायचंय त्या जागेवर सुखरूप पोहोचले. इथले सरदार वारले, त्यांचा दुखवटा चालू आहे. म्हणून आधी त्यांच्या घरी रिवाजाप्रमाणे यंगोनाच्या मुळांची जुडी भेट ठेवली, टाळ्या वाजवल्या, मगच जमिनीवर पाय ठेवला. पोरीला रीतभात नाही असं आता म्हणू नकोस.

मी डोळ्यांना फडकं बांधून जागा फिरते. बाबांना दिसतच नाही, तर त्यांचं घर दिसण्यावरून बेतून काय उपयोग? वारा कुठल्या गालाला लागतो, लिंबाचा वास कुठवर येतो, सगळं नकाशावर उतरवतेय. ओढा तर सगळीकडून ऐकू येतो. दार ओढ्याकडे ठेवते. ओढ्याकडे तोंड करून बाबा एकटे चर्चला जातील, आणि तो पाठीशी घेऊन परत येतील.

काल अशीच चालताना डुकरांच्या कुंपणात पडले. बायका तोंडावर हात धरून हसल्या. दुखवट्यात मोठ्याने हसायची बंदी ना!

बाबांना गोड देऊ नकोस. लोभ आहेच, तो रागावून का होईना दाखवत जा.

तुझी,
मेरेसेइनी

किनाऱ्यावरून, २० एप्रिल

चि. मेरेसेइनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवलं. डुकरांच्या गोष्टीपाशी मी आले तेव्हा तुझे बाबा हसता हसता खोकायला लागले. म्हणाले, तिला सांग, आधी काठी घ्यायची, मग आंधळं व्हायचं.

भरतीचं पाणी आता चुलीपर्यंत येतं. भांडी वर टांगली आहेत. तरी हे लाटांचा आवाज डाव्या कानाला ठेवून एकटेच चर्चला जातात. हात धरायला गेलं की झिडकारतात. माझं एकच मागणं आहे बाई, वरही त्यांना असंच चालता येऊ दे. हाताला धरून चालवलं तर हा माणूस फार काळ काढणार नाही. तू म्हणतेस म्हणून येऊ आम्ही.

कामात जेवण विसरू नकोस. आम्हाला विसरलीस तर मात्र कान उपटीन.

तुझी आई

टेकडीवरून, १२ ऑक्टोबर

चि. मेरेसेइनीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही वर राहायला आलो. घर छान आहे. वाराही येतो. पण ओढा ऐकू येत नाही. वरच्या अंगाला खडी क्रशर आहे, तो पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चालतो. दुखवट्यात बंद होता म्हणे. बांधकामाच्या ठोकाठोकीत तो कुणाच्या लक्षातच आला नाही.

इथल्या बायकांना विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत? म्हणाल्या, तिने विचारलं नाही, आणि दुखवट्यात असल्या गोष्टी आपण होऊन कोण काढतं?

रविवारी क्रशर बंद असतो. तेवढं एकदा हे चर्चला एकटे जाऊन आले. सोमवारी निघाले ते अळूच्या चिखलात सापडले, गुडघाभर रुतलेले. हाकसुद्धा मारली नव्हती.

तुझ्यावर राग नाही. जपून राहा.

तुझी आई

सुवा शहरातून, १९ ऑक्टोबर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

सगळीकडे विचारून आले. क्रशर हलणार नाही. टेकडीवरच्या निम्म्या घरांची चूल त्याच्यावर पेटते. दार फिरवून तरी कुठे फिरवू? ती शांतता मेलेल्या माणसासाठी होती, आणि मी ती जागेची समजून उतरवून आणली. आई, मला झोप लागत नाही.

दारापासून चर्चपर्यंत दोरी बांधायला सांगितली आहे. बाबांना म्हणावं, एकदा धरून बघा.

मेरेसेइनी

टेकडीवरून, २ नोव्हेंबर

चि. मेरेसेइनीस,
अनेक आशीर्वाद.

दोरी त्यांनी एकदाच धरली. मग म्हणाले, सोडून शेजाऱ्याला दे, त्याचं डुक्कर सारखं पळतं. खाली किनाऱ्यावर आपल्या जुन्या घराचं छप्पर गेलं, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

आता मी हात धरला तर झिडकारत नाहीत. न सांगता आपणच पुढे करतात. तेच मला बघवत नाही गं.

काल विचारलं, समुद्र कुठल्या बाजूला? या झाडीत मलाही उमजेना. मी आपली त्यांची खुर्ची एकीकडे फिरवून दिली. संध्याकाळपर्यंत तिकडेच तोंड करून बसले होते, जेवलेही तसेच.

रविवारी ये. त्या दिवशी तरी तुझा आवाज त्यांना ऐकू येईल.

तुझी आई