जाळ्याच्या पेटंटचं गाऱ्हाणं

८ जानेवारी १९६२
प्रिन्सिपलसाहेबांनी बोलावलं. कॉलेजात प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी लावलेल्या शोधांची नोंद ठेवायची, हक्क सांभाळायचे. त्यासाठी एक कमिटी, आणि ती कमिटी म्हणजे मी. एकटाच. साध्या डेमॉन्स्ट्रेटरवर केवढा विश्वास. जाता जाता म्हणाले, नेमणूक ३१ मार्चपर्यंतच आहे, एखादं पेटंट निघालं तर कायम करायचं बघू. बघू म्हणजे करूच.

११ जानेवारी
रजिस्टर आखलं. शोध अजून एकही नाही.

१९ जानेवारी
शोध लागला. इंटर सायन्सचा लवू तांडेल प्रयोगशाळेत काहीतरी उकळत होता. त्याच्या घरची रापण आहे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरायचा धंदा. काजूच्या टरफलाचं तेल, ऐनाच्या झाडाच्या सालीचा काढा, चुन्याची निवळी. यात बुडवलेलं सुती जाळं खाऱ्या पाण्यात कुजत नाही म्हणे. चार महिने समुद्रात ठेवलेला तुकडा ओढून पाहिला. माझं बोट कापलं, जाळं तुटलं नाही.
बर्नर मी पेटवून दिला होता. तेव्हा शोध दोघांचा.

२ फेब्रुवारी
विचारांती ठरवलं. अर्जावर दोन नावांची गर्दी बरी दिसत नाही. 'खरा व प्रथम शोधक' इथे माझं नाव घातलं. लवूचे आभार वेगळ्या कागदावर मानीन. त्याला सांगितलं. म्हणाला, "तुमी म्हणशात तसा, सर." समजूतदार मुलगा. दुपारी जेवण गेलं नाही. तेलाच्या वासानं असेल.

६ फेब्रुवारी
मुंबईच्या वकिलांचं पत्र. अर्ज दाखल होईपर्यंत कृती चारचौघांत फुटता कामा नये, फुटली की पेटंट गेलं. लवूला शपथ घातली. बायकोलाही सांगायचं नाही असं ठरवलं. मथुराने विचारलंच नाही.

१९ फेब्रुवारी
अर्ज अजून माझ्याच टेबलावर. नावापुढे 'संशोधक' शोभतं की 'रसायनतज्ज्ञ', ठरत नाही. मार्च तोंडावर आला. नोकरी गेली तर गावात तोंड कसं दाखवू? मथुरा म्हणाली, "रवळनाथाक गाऱ्हाणा घाला." मी विज्ञानाचा माणूस. उद्या जातो.

२० फेब्रुवारी, सकाळी ११
गाऱ्हाणं, म्हणजे ग्रामदेवाला साकडं, घालायचा मान गंगाराम गावकरांचा. देवाला मोघम चालत नाही म्हणाले. "वस्तू काय, कशी केल्यात, सगळा लिवन द्या." देवाला गुप्ततेचा नियम लागू नाही, असा कमिटीने निर्णय घेतला. मापांसकट लिहून दिलं.

२५ फेब्रुवारी
मेलो.
देवळात सारा गाव, त्यात दोन रापणींची माणसं. मला वाटलं, गावकर चिठ्ठी देवापुढे ठेवतील. त्यांनी ती खड्या आवाजात वाचली. "बा रवळनाथा म्हाराजा, दोन भाग काजीच्या टरफलाचा तेल..." गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा." "पाच भाग ऐनाच्या सालीचो काडो..." "व्हय म्हाराजा." मागून कोणीतरी विचारलं, कितको येळ उकळूचा? गावकरांनी चिठ्ठी उलटून तेही देवाला सांगितलं. सवयीने मीसुद्धा "व्हय म्हाराजा" म्हणून गेलो.

१ मार्च
किनाऱ्यावर जागोजागी चुली पेटल्यात. घाबरण्याचं कारण नाही. वकिलांना तार केली: देवापुढे बोललेलं जाहीर धरतात का?

१५ मार्च
वकिलांचं उत्तर परवाच आलं: देवापुढचं धरत नाहीत, गावापुढचं धरतात. काल साहेबांना भेटायला गेलो, ते मीटिंगमध्ये होते. आजही मीटिंगमध्ये होते.

३१ मार्च
कपाटाची किल्ली परत केली. संध्याकाळी ट्रंक भरताना लवू आला, हातात भली मोठी सुरमई. म्हणाला, "सर, माका ह्या सगळ्या गावाक सांगूचा होता. बापूस म्हणता, आपल्याच रापणीत ठेव. तुमी देवळात सांगल्यात, बरा केल्यात. आता कोणाचाच जाळा कुजाचा नाय." मी म्हटलं, माझा उद्देश तोच होता. पोरगा माझ्या पाया पडला.
तो गेल्यावर खूप रडलो. शोध त्याचा होता, आणि हे मी त्याला तोंडाने एकदाही म्हटलं नाही. उद्या सकाळच्या एस.टी.ने निघतो.