सरांना दम लागत नाही

३ जून
हृदयाची मुख्य झडप गळते म्हणे. पुढे ढकललेलं रक्त मागे येतं. डॉक्टर माझीच जुनी विद्यार्थिनी. शाळेत धापा टाकायची, मी आणखी एक फेरी मारायला लावायचो. छाती न उघडता, मांडीतून नळी घालून नवी झडप बसवता येईल, म्हणाली. दम लागतो का, विचारलं. खेळाच्या मास्तराने तिच्यापुढे काय सांगायचं? अजिबात नाही, म्हणालो. तिने लगेच विश्वास ठेवला. सर खोटं बोलत नाहीत, असं नर्सलाही सांगितलं. बरं वाटलं.

११ जून
नाडी दणदणीत. तरुणांना लाजवेल अशी. फक्त प्रत्येक ठोक्याला मान हलते. बायको त्याला होकार समजते. बेडरूमला गुलाबी रंग द्यायचा का, तिने विचारलं होतं. दिला.

२ जुलै
संकल्प: उद्यापासून रोज भरभर चालणे.

३ जुलै
बूट जुने आहेत. नवे घेतल्यावर.

१९ ऑगस्ट
हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये चालण्याची टेस्ट. मध्येच थांबून आग लागल्यास काय करावे ही पाटी वाचली. परत येताना पुन्हा वाचली. सर अजून किती चौकस, असं डॉक्टर म्हणाली. त्रास नाही तर सध्या नुसतं लक्ष ठेवू, असं ठरलं. पास झालो.

६ ऑक्टोबर
आमचा जिना फार चढा बांधलाय. तीस वर्षांत लक्षात आलं नव्हतं. झोप हल्ली खुर्चीत, पाठीसाठी. ही म्हणते, अहो, डॉक्टरला खरं सांगा. हिला खेळातलं काय कळतं? भीती वाटते, पण ती हिच्या काळजीची.

९ फेब्रुवारी
पाय सुजले म्हणून हिने जबरदस्तीने नेलं. पुन्हा स्कॅन. हृदय ताणलंय, झडपेभोवतीचं कडंही. नळीतून बसवायच्या झडपेचा सगळ्यात मोठा साईझसुद्धा आता त्यात धरणार नाही, सुटून जाईल. जूनमध्ये बसला असता. आता छाती उघडूनच, आणि ते मला झेपेल का, तिला सांगता येईना.

दम लागतो मला, असं शेवटी म्हणालो.

कधीपासून, सर, असं तिने विचारलं.

आजच, म्हणालो.

हिने माझा हात धरला आणि तिला खरं काय ते सांगितलं. मान हलत होती. ती मी थांबवू शकलो नाही.